बँकेच्या वहीत आपले नाव कसे लिहिले जाते?

'पत' हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वी गावातला दुकानदार उधारी देताना वहीपेक्षा माणूस आधी पाहत असे. हा कोणाचा, कोणत्या आळीतला, याच्या मागे कोण उभे आहे, याची चौकशी होई. ज्याला जमीन नाही आणि ज्याची ओळख देणारा कोणी मातब्बर नाही त्याची पत शून्य धरली जाई, मग त्याने आयुष्यभर पै न् पै फेडलेली का असेना. पुढे आपली माणसे शहरात आली, रेल्वेत, गिरणीत, नगरपालिकेत लागली. हातात पगारपत्रक आले, कामगारांची पतपेढी आली आणि आपली पत कागदावर उतरली.

आज हा कागदही बदलला आहे. बँकेत कर्ज मागायला गेले की पगारपत्रक उघडण्याआधी अधिकारी आपला पॅन क्रमांक संगणकात टाकतो. पडद्यावर एक तीन आकडी संख्या येते. ती पाहून तो म्हणतो, "तुमचा सिबिल कमी आहे." एवढ्यावर बोलणे संपते. समोरचा माणूस गोंधळून घरी येतो. हा सिबिल कोण, त्याने माझ्याबद्दल काय लिहिले आणि मला न विचारता का लिहिले, हे त्याला कोणी सांगत नाही.

आम्ही दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. गेल्या काही वर्षांत रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याबरोबर हा सिबिलचा प्रश्न घेऊन येणारेही वाढले आहेत. मुलीचे शिक्षण, मुलाची रिक्षा, दोन खोल्यांचे घर, अशी मोठी कामे या एका आकड्यापाशी अडतात. म्हणून हा विषय प्रत्येक घराने समजून घेतला पाहिजे.

सिबिल म्हणजे काय?

आपल्याकडे सगळ्याच पतगुणांना सरसकट 'सिबिल' म्हणण्याची रीत पडली आहे. वास्तविक सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. कोणी कोणत्या बँकेचे किती कर्ज घेतले आणि ते फेडले की नाही, ही माहिती सर्व बँकांना एके ठिकाणी मिळावी म्हणून रिझर्व्ह बँकेने समिती नेमली होती. त्यातून २००० साली मुंबईत ही कंपनी निघाली. पुढे २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क.

या कंपन्या म्हणजे सरकारी कचेऱ्या नव्हेत. त्या कोणाला कर्ज देत नाहीत आणि कोणाचे कर्ज नाकारतही नाहीत. त्या फक्त वही ठेवतात. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या आणि क्रेडिट कार्डवाले आपापल्या कर्जदारांची माहिती त्यांना पाठवतात. पूर्वी ही माहिती महिन्याने जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरा दिवसांनी पाठवण्याचे बंधन आले. म्हणजे आज चुकलेला हप्ता थोड्याच दिवसांत देशभरातल्या बँकांना दिसू शकतो.

या वहीत काय असते? आपले नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन आणि आपल्या नावावरचे प्रत्येक कर्ज. ते कधी घेतले, किती राहिले, गेल्या ३६ महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा गेला, हे सारे. शिवाय कोणत्या बँकेने कधी आपली चौकशी केली, तेही. काय नसते? बचत खात्यातली शिल्लक, मुदत ठेव आणि दागिने त्यात नसतात. जात आणि धर्म यांचा रकानाही त्यात नाही, हे आपण मुद्दाम लक्षात घ्यावे. जुन्या सावकाराच्या डोक्यातल्या वहीत तो रकाना पहिला होता.

आकडा कशावर ठरतो?

या नोंदींवरून ३०० ते ९०० च्या दरम्यानचा आकडा काढतात. साधारणपणे ७५० च्या वरचा आकडा चांगला समजतात. परंतु अमुक आकड्याखाली कर्ज देऊ नये असा कायदा नाही. प्रत्येक बँक आपला नियम स्वतः ठरवते. आकडा काढण्याचे नेमके गणित कंपन्या उघड करत नाहीत, पण त्यात कशाला वजन आहे ते त्या सांगतात.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हप्ते वेळेवर गेले का. दुसरी, क्रेडिट कार्ड असेल तर त्याच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते. पन्नास हजारांची मर्यादा असताना दर महिन्याला पंचेचाळीस हजार वापरणारा माणूस ओढाताणीत आहे, असे बँक समजते. वापर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावा, असा जाणकारांचा सल्ला असतो. तिसरी, कर्जाचा व्यवहार किती जुना आहे. चौथी, कर्जे कोणत्या प्रकारची आहेत. घराचे किंवा सोन्यावरचे तारणाचे कर्ज वेगळे आणि पाच-सहा विनातारण कर्जे वेगळी. पाचवी, अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले. एका महिन्यात सहा बँकांकडे अर्ज केला तर प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि आकडा उतरतो. आपला अहवाल आपणच पाहिला तर मात्र आकडा कमी होत नाही. ही भीती अनेकांच्या मनात आहे, ती काढून टाकावी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा आकडा माणसाची श्रीमंती मोजत नाही. ऐंशी हजार पगाराचा साहेब हप्ते चुकवत असेल तर त्याचा आकडा खाली जातो आणि अठरा हजार मिळवणारी परिचारिका शिलाई यंत्राचे कर्ज वेळेवर फेडत असेल तर तिचा आकडा वर राहतो. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना ही आशेची बाजू आहे.

पगार उशिरा, हप्ता वेळेवर

आता अडचणीची बाजू पाहू. आपल्यातले कितीतरी लोक कंत्राटदाराकडे कामाला आहेत. हप्ता पाच तारखेला आणि कंत्राटदार पगार करतो बारा तारखेला. पाच तारखेला खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि वहीत उशीर लिहिला जातो. चूक कंत्राटदाराची, डाग आपल्या नावावर. यावर उपाय असा की कर्ज घेतानाच हप्त्याची तारीख पगाराच्या नेहमीच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांची मागून घ्यावी. कर्ज आधीच चालू असेल तर तारीख बदलून मिळावी म्हणून बँकेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शक्य असेल त्याने एका हप्त्याइतकी रक्कम त्या खात्यात कायम राखून ठेवावी.

दुकानात मिळणारा 'बिनव्याजी' फ्रीज किंवा मोबाईल हेही कर्जच असते. फायनान्स कंपनी ते आपल्या नावावर लिहिते. दोन हजारांचा शेवटचा हप्ता 'राहू दे, काय होते' म्हणून सोडून दिला तरी वहीत खाते थकीत म्हणून उभे राहते. क्रेडिट कार्डाचे तर आणखी वेगळे. बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते. तेवढीच भरली तर नोंद बिघडत नाही, पण उरलेल्या रकमेवर अनेक कार्डे दरमहा तीन ते साडेतीन टक्के व्याज लावतात. वर्षाचे गणित करा, चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. सावकारी यापेक्षा वेगळी काय असते?

तडजोडीचा डाग

आमच्या माहितीतल्या एका घराची गोष्ट सांगतो. वडील कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी चालक. २०२० च्या टाळेबंदीत घरातली दुसरी मिळकत बंद झाली आणि घरगुती वस्तूंच्या कर्जाचे वीस हजार थकले. काही महिन्यांनी वसुलीचा माणूस आला. म्हणाला, "काका, बारा हजार एकरकमी भरा, आठ हजार माफ. पत्र देतो." काकांनी उसनवारी करून बारा हजार भरले, पत्र घेतले आणि प्रश्न मिटला असे समजून ते कपाटात ठेवले.

तीन वर्षांनी मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार. बँकेने अहवाल काढला, तर त्या खात्यापुढे 'फेडले' असा शेरा नव्हता, 'तडजोड' असा होता. बँकेच्या भाषेत तडजोड म्हणजे या माणसाने कबूल केलेले पूर्ण पैसे दिले नाहीत. चार लाखांचे कर्ज आठ हजारांवर अडले. घरच्यांनी त्या कंपनीशी पत्रव्यवहार करून राहिलेली रक्कम भरली, बेबाकी दाखला घेतला आणि शेरा बदलून घेतला. यात काही महिने गेले. उशिरा गेलेल्या हप्त्यांच्या नोंदी त्यानंतरही राहिल्या. मुलीचे पहिले सत्र नातेवाइकांच्या मदतीवर निघाले.

म्हणून तडजोडीची सवलत स्वीकारण्याआधी विचारावे : वहीत काय शेरा लागेल? पैसे खरोखरच नसतील तर तडजोडही करावी लागते, त्यात लाज नाही. पण हाती आले की उरलेले भरून खाते 'बंद' म्हणून नोंदवून घ्यावे. 'निर्लेखित' हा शेरा तर याहून वाईट. बँकेने वसुलीची आशा सोडून रक्कम आपल्या हिशेबातून काढली, एवढाच त्याचा अर्थ. कर्ज माफ झाले असा अर्थ लोक घेतात, तो चुकीचा आहे.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली एक महत्त्वाचा आदेश दिला. विद्यार्थी हे उद्याचे राष्ट्र घडवणारे आहेत, केवळ आकडा कमी आहे म्हणून त्यांचा अर्ज नाकारू नये, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रातल्या बँकांना तो थेट बांधत नसला तरी अर्जात त्याचा उल्लेख करायला काहीच हरकत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टेट बँकेच्या भरतीच्या अटींत उमेदवाराचा कर्जव्यवहार चांगला असावा, अशी अट होती. अहवाल वाईट म्हणून एका उमेदवाराची नेमणूक रद्द झाली आणि २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय योग्य ठरवला. आपली कितीतरी मुले बँकेच्या परीक्षांना बसतात. मोबाईलवरच्या ॲपमधून पाच-सात हजार उचलून ते बुडवणाऱ्या तरुणांनी याचा गांभीर्याने विचार करावा.

जामीनदाराची सही

आपल्या समाजात एक चांगली सवय आहे, ती म्हणजे अडलेल्याला हात देण्याची. पण बँकेच्या कागदावर तीच सवय महागात पडू शकते. मित्राच्या कर्जाला जामीन राहताना "नुसती सही आहे, नाव पुरते लागते" असे सांगतात. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात दिसते. मित्राने हप्ते थकवले की आपला अहवालही बिघडतो.

याहून धोक्याचे म्हणजे आपल्या नावावर कर्ज काढून दुसऱ्याला देणे. मेव्हण्याची मोटारसायकल, शेजारणीच्या गटाचे कर्ज, भावाचा मोबाईल. हप्ते तो भरणार हे तोंडी ठरलेले असते. वही मात्र तोंडी करार ओळखत नाही. नाते राखायचे असेल तर जेवढे बुडाले तरी चालतील तेवढे हातउसने द्यावेत, पण पॅन कार्ड आणि सही उसनी देऊ नये.

महिलांनीही सावध असावे. बँका बचत गटांना कर्ज देतात, त्याची सभासदवार माहिती देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सूचना काढल्या. छोटी गटकर्जे देणाऱ्या कंपन्याही माहिती पाठवतात. २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील, असे सूक्ष्मकर्ज देता येत नाही. कोणी तिसरे-चौथे कर्ज गळ्यात मारत असेल तर ताईंनी हा नियम त्याला दाखवावा.

कर्जच घेतले नसेल तर?

"आम्ही कधी कोणाचे देणे ठेवले नाही, मग आमचा आकडा का नाही?" हा प्रश्न वडीलधारे नेहमी विचारतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्याने कर्जच घेतले नाही त्याची वही कोरी असते, आणि कोऱ्या वहीला बँक बिचकते. यावर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितले की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये. त्याच वर्षी केंद्र सरकारने लोकसभेतही ही भूमिका स्पष्ट केली. बँकेने असे कारण तोंडी दिले तर ते लेखी मागावे.

तरीही नोंद तयार करायची असेल तर गरजेपुरतेच लहान कर्ज घेऊन वेळेवर फेडावे. आकडा वाढवण्यासाठी नको असलेली वस्तू हप्त्याने आणणे हा शहाणपणा नव्हे. घरकर्जात पत्नीला सहकर्जदार करून हप्ते नीट भरले तर तिच्या नावाचीही नोंद तयार होते. मात्र थकल्यास तिचीही बिघडते.

वहीत चूक असेल तर

वही माणसेच भरतात, त्यामुळे चुकाही होतात. फेडलेले कर्ज चालू दिसते, एकाच नावाच्या दोन माणसांची खाती मिसळतात, कोणी आपल्या कागदपत्रांवर परस्पर कर्ज उचललेले असते. हे कळण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे स्वतःचा अहवाल वाचणे.

२०१७ पासून प्रत्येक कंपनीने दरवर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. तीन-तीन महिन्यांनी एक काढला तर वर्षभर लक्ष राहते. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावा. शिवाय कायद्याच्या कलम २१ नुसार, कर्जाच्या अर्जावरून बँकेने आपला जो अहवाल मिळवला त्याची प्रत तिच्याकडे मागता येते.

चूक आढळली तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. बेबाकी दाखला, पावत्या, खातेउतारा जोडावा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेची संमती आल्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही. परंतु तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तेवढ्याने भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

"पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" असे सांगणारे दलाल आता वस्त्यांतूनही फिरू लागले आहेत. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. खोटी नोंद आपण स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो. मग दलालाला पैसे कशाचे?

हे माप अपुरे आहे

हा आकडा म्हणजे माणसाच्या प्रामाणिकपणाचा दाखला आहे, असे आम्ही मानत नाही. वीस वर्षे वेळेवर भरलेले घरभाडे त्यात दिसत नाही. आजारपणात गेलेला पगार, कंत्राटदाराने बुडवलेली मजुरी, आईच्या इस्पितळाचे बिल, यांपैकी काहीच त्या वहीला ठाऊक नसते. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो संकटातही हप्ता भरतो. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या संकटाची नोंद बेशिस्त म्हणून होते. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. कोणाचा आकडा कमी निघाला म्हणून त्याला वस्तीत कोणी टोमणे मारू नयेत. घरातल्या बाईमाणसांपासून तर तो मुळीच लपवू नये.

पण माप अपुरे आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. बँक याच मापाने मोजणार आहे. तेव्हा प्रत्येक घराने एक साधी पिशवी करावी. तिच्यात सर्व कर्जांचे करार, पावत्या आणि बेबाकी दाखले ठेवावेत. कर्ज संपल्यावर दाखला घेतल्याखेरीज बँकेची पायरी उतरू नये. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी निकालाची वाट न पाहता आताच आई-वडील दोघांचे अहवाल काढावेत, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल. ज्यांना संगणक येत नाही त्यांच्यासाठी शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार विहारात किंवा समाजमंदिरात बसावे आणि अहवाल काढून, त्यातला एकेक शेरा मराठीत समजावून सांगावा. मात्र कोणाचा पॅन किंवा फोनवर आलेला गुप्त क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवू नये. अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा आणि घरी जाऊन दोघांनी मिळून वाचायला सांगावा.